ॲस्बेस्टस आणि फुप्फुसावरणाचा कर्करोग

(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांचा गुणगौरव व्हावा, वडीलधाऱ्यांचा सत्कार व्हावा, शिष्यवृत्ती-निधीचा हिशेब सादर व्हावा, हे रीतीस धरूनच आहे. अशा आनंदाच्या प्रसंगी एका दुर्धर रोगाविषयी बोलणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु चिटणिसांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली, तेव्हा मी विचारपूर्वक हाच विषय घेतला. आपल्या समाजाच्या दोन पिढ्यांनी गिरण्यांत, गोदीत, रेल्वेच्या कारखान्यांत आणि इमारतींच्या बांधकामांवर आपले आयुष्य वेचले. त्यांच्या घामावर आपली मुले शिकली, आणि त्यांच्याच वर्गणीतून आपले विद्यार्थी वसतिगृह उभे राहिले. त्या कामाची एखादी खूण त्यांच्या छातीत अद्याप दडून राहिली असेल, तर ती वेळीच ओळखणे हे आपले कर्तव्य ठरते. ज्या रोगाविषयी मी बोलणार आहे, त्याचे वैशिष्ट्यच असे की, त्याचे कारण एका पिढीत घडते आणि त्याचे फळ पुष्कळदा पुढच्या पिढीच्या डोळ्यांदेखत भोगावे लागते.

या रोगास वैद्यकशास्त्रात मेसोथेलियोमा म्हणतात. नाव अवघड आहे. पण अर्थ समजण्यास कठीण नाही. आपले फुप्फुस छातीच्या पिंजऱ्यात नुसते टांगलेले नसते. त्यावर एक अत्यंत पातळ, ओलसर, गुळगुळीत असे आवरण असते. या आवरणाचे दोन पदर असतात. एक फुप्फुसास चिकटलेला, दुसरा छातीच्या भिंतीस आतून लागलेला. दोहोंमध्ये अगदी थोडा द्रव असतो, आणि त्यामुळे श्वासागणिक फुप्फुस घर्षणावाचून वरखाली होते. अशीच आवरणे पोटातील आतड्यांभोवती आणि हृदयाभोवतीही असतात. या आवरणांचे अस्तर ज्या पेशींचे बनलेले असते, त्या पेशींना होणारा कर्करोग तो मेसोथेलियोमा. तो बहुतेक वेळा फुप्फुसावरणात होतो, काही वेळा उदरावरणात, आणि क्वचित हृदयावरणात. फुप्फुसाच्या आत होणारा नेहमीचा कर्करोग निराळा आणि हा निराळा, हा भेद आरंभीच ध्यानात ठेवावा.

आता त्याच्या कारणाकडे वळू. निसर्गात दगड पुष्कळ प्रकारचे आहेत. पण ज्याचे पिंजून सूत काढता येते असा दगड म्हणजे ॲस्बेस्टस. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'न विझणारे' असा आहे. हा दगड फोडला की त्याचे तंतू सुटे होतात. ते कापसासारखे पिंजता येतात, विणता येतात. शिवाय आगीत जळत नाहीत, आम्लाने सहसा झिजत नाहीत आणि उष्णता पलीकडे जाऊ देत नाहीत. एवढे गुण एका ठिकाणी, आणि तेही स्वस्तात, मिळाल्यावर यंत्रयुगाने त्यास डोक्यावर घेतले यात नवल नाही. बॉयलरभोवती आणि वाफेच्या नळांभोवती गुंडाळावयाचे जाड पांढरे वेष्टन, जहाजांच्या यंत्रघरातील अस्तर, मोटारींचे ब्रेक, भट्टीजवळील हातमोजे, दोरखंड, गॅस्केट, आणि सिमेंटमध्ये मिसळून केलेले नळ व पन्हळी पत्रे, अशा शेकडो रूपांनी तो घरोघरी पोचला. ज्यांना आपण बोलताना नुसते 'सिमेंटचे पत्रे' म्हणतो, त्यांत बहुतेकदा हाच धागा असतो.

ॲस्बेस्टस एकच नाही. मुख्यत्वे पांढरा, निळा आणि तपकिरी असे त्याचे तीन प्रकार व्यापारात वापरले गेले. त्यांपैकी निळा आणि तपकिरी यांचे तंतू सरळ, ताठ व सुईसारखे असतात. पांढऱ्याचे तंतू कुरळे असतात. मेसोथेलियोमाच्या बाबतीत निळा सर्वांत घातक, तपकिरी त्याखालोखाल आणि पांढरा त्या मानाने कमी, असे संशोधकांस आढळले आहे. परंतु 'कमी घातक' याचा अर्थ 'निरुपद्रवी' असा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने सर्वच प्रकारांस मानवी कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून पहिल्या गटात टाकले आहे. आज जो ॲस्बेस्टस व्यापारात चालतो तो जवळजवळ सगळा पांढराच आहे. म्हणून हा खुलासा अगत्याचा वाटतो.

दगडाचा धागा कर्करोग कसा उत्पन्न करतो, हे थोडे सविस्तर सांगतो. कारण ते कळले म्हणजे पुढील सावधगिरीचा अर्थ आपोआप उमगतो. हे तंतू केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक असू शकतात. डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास येत नाही, घशाला खवखव करतीलच असेही नाही. श्वासाबरोबर ते फुप्फुसाच्या अगदी टोकापर्यंत जातात. बाहेरून आलेली धूळ गिळून टाकण्यासाठी शरीराने तेथे भक्षक पेशींची चौकी ठेवलेली असते. सामान्य धुळीचा कण त्या पेशी गिळतात आणि वाहून नेतात. परंतु हा तंतू पेशीपेक्षाही लांब असतो. पेशी त्याला गिळू पाहते, तो पूर्ण गिळला जात नाही, पेशी फाटते, मरते, आणि तिच्यातील दाहक द्रव्ये आसपास सांडतात. मग दुसरी पेशी येते. तिचीही तीच गत होते. तंतू विरघळत नाही आणि जळतही नाही. ज्या गुणासाठी माणसाने त्याला खाणीतून वर काढले, तोच गुण शरीरात शाप होतो. काही तंतू हळूहळू सरकत फुप्फुसावरणाच्या बाहेरील पदरापर्यंत पोचतात आणि द्रव वाहून जाण्याच्या सूक्ष्म छिद्रांपाशी अडकून बसतात. तेथे वर्षानुवर्षे दाह चालू राहतो. त्या धगीत आवरणाच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्याची मोडतोड होत जाते, पेशींच्या वाढीस लगाम घालणारी जनुके एकामागून एक निकामी होतात, आणि अखेर एखादी पेशी बेबंद वाढू लागते.

या सर्व घडामोडीस लागणारा काळ ऐकून आपण थक्क व्हाल. धुळीशी प्रथम संबंध आल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत बहुधा वीस ते पन्नास वर्षे जातात. तीस-चाळीस वर्षे तर नेहमीचीच. १९८० साली विशीत असलेला तरुण बॉयलर खात्यात कामास लागला असेल, तर तो आज साठी ओलांडून गेला आहे. गिरणी बंद पडली, तिच्या जागी उंच इमारती आल्या, हजेरीपुस्तके गहाळ झाली, सोबती पांगले. आणि आता कोठे छातीतील तो जुना हिशेब पुढे येण्याची वेळ आली. या रोगाच्या बाबतीत विस्मरण हा मोठाच शत्रू आहे, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

या ज्ञानाचा इतिहासही उद्बोधक आहे. १९२४ साली इंग्लंडात रॉचडेल गावी नेली केरशॉ नावाची, ॲस्बेस्टसचे सूत कातणारी तेहतीस वर्षांची कामगार स्त्री मरण पावली. तिच्या फुप्फुसांची तपासणी करून डॉ. कुक यांनी त्यांत रुतलेले खनिज कण दाखविले. १९३० साली मेरेवेदर आणि प्राइस या दोन सरकारी अधिकाऱ्यांनी ३६३ कामगारांची तपासणी केली, तेव्हा चारांपैकी एकाहून थोड्या अधिकांची फुप्फुसे तंतुमय झालेली आढळली. या विकारास ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. तो कर्करोग नव्हे, तर फुप्फुस कडक करीत नेणारा आजार. १९५५ साली रिचर्ड डॉल यांनी अशा कामगारांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे दसपट असल्याचे सिद्ध केले. तरीही मेसोथेलियोमाचे कोडे सुटावयाचे होते. ते सुटले दक्षिण आफ्रिकेत, आणि ज्या रीतीने सुटले ती रीत आपल्या देशास फार जवळची आहे.

किंबर्ले हे हिऱ्यांच्या खाणींचे प्रसिद्ध शहर. तेथील क्षयरुग्णालयात डॉ. स्लेग्ज नावाचे प्रमुख होते. क्षयावरील नवी औषधे हाती आल्यावर छातीत पाणी झालेले रुग्ण भराभर बरे होऊ लागले. मात्र काही रुग्णांस या औषधांनी मुळीच गुण येईना. स्लेग्ज यांनी नोंदी चाळल्या, तेव्हा त्यांस दिसले की, शहराच्या पूर्वेकडून आलेले रुग्ण बरे होतात, आणि न बरे होणारे पश्चिमेकडून येतात. पश्चिमेस निळ्या ॲस्बेस्टसच्या खाणी होत्या. जोहान्सबर्गचे विकृतिशास्त्रज्ञ ख्रिस वॅग्नर यांनी आवरणाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि तो क्षय नसून मेसोथेलियोमा असल्याचे दाखविले. वॅग्नर, स्लेग्ज आणि शल्यविशारद मार्चंड यांनी १९६० साली अशा ३३ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील जवळजवळ सर्वांचा त्या प्रदेशातील ॲस्बेस्टसशी संबंध लागला. पण कित्येकांनी खाणीत कधी काम केलेलेच नव्हते! कोणी खाणीजवळ राहत असे, तर कोणी बालपणी तेथील ढिगाऱ्यांवर खेळले होते. एवढ्याशा संबंधावर, कित्येक दशकांनी, हा रोग झाला होता.

भगिनींनी पुढील गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. १९६५ साली लंडनमध्ये न्यूहाऊस आणि टॉम्पसन यांनी ७६ रुग्णांची चौकशी केली. त्यांतील नऊ जण असे निघाले की, ज्यांनी स्वतः ॲस्बेस्टसला हात लावला नव्हता, पण ज्यांच्या घरातील माणूस त्या कामावर होता. त्यांत बायकाच अधिक होत्या. बहुतेकींचा वृत्तांत एकच: पतीचे कामाचे कपडे त्या घरी झटकून धूत असत. आणखी काही रुग्ण कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहणारे होते. पुढे इटलीतील कासाले मोन्फेर्रातो या गावी आणि जपानातील आमागासाकी शहरी असाच अनुभव आला. रोग कारखान्याच्या फाटकापाशी थांबत नाही. तो कपड्यांच्या घड्यांतून घरी येतो.

आता आपल्याकडील स्थिती पाहू. आपल्या देशात 'छातीत पाणी झाले' म्हटले की प्रथम क्षयाची शंका येते, आणि ते योग्यही आहे. कारण क्षयच त्याचे सर्वांत नित्याचे कारण आहे. परंतु याच गोष्टीमुळे मेसोथेलियोमाचा रुग्ण कित्येक महिने क्षयाचे औषध घेत राहण्याचा संभव असतो. किंबर्लेत जे घडले ते येथे घडणे अगदी सोपे आहे. यास्तव रोगाची लक्षणे सांगून ठेवतो. चालताना वाढत जाणारी धाप, छातीच्या एका बाजूस बोथट पण चिकट दुखणे, कोरडा खोकला, वजन घटणे, थकवा, आणि क्ष-किरण चित्रात एका बाजूस पाणी. पाणी सुईने काढले की काही दिवस बरे वाटते, आणि ते पुन्हा साचते. उदरावरणाचा रोग असेल तर पोट फुगते, पोटात पाणी होते, भूक मंदावते. ही लक्षणे इतर पुष्कळ रोगांतही असतात. म्हणून एवढ्यावरून भयभीत होण्याचे कारण नाही. मात्र ज्याने पूर्वी ॲस्बेस्टसशी संबंध असलेले काम केले आहे, ज्याच्या पाण्यात क्षयाचे जंतू सापडलेले नाहीत, आणि औषध घेऊनही ज्याचे पाणी पुन्हा पुन्हा साचते, अशा मनुष्याने डॉक्टरांपाशी पुढील तपासणीचा विषय अवश्य काढावा. क्षयाची औषधे मात्र स्वतःच्या मनाने कोणीही बंद करू नयेत. तो निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा आहे.

निदानाचा मार्ग असा: सी.टी. स्कॅनमध्ये आवरण जाड व गाठाळ झालेले दिसते. काढलेल्या पाण्यातील पेशी तपासतात; परंतु केवळ पाण्यावरून निर्णय पुष्कळदा लागत नाही. छातीत दुर्बीण घालून आवरणाचा तुकडा घ्यावा लागतो आणि त्यावर विशेष रंजनक्रिया करून रोगाची जात ठरवावी लागते. जाती तीन आहेत. त्यांपैकी अस्तरपेशींसारख्या दिसणाऱ्या पेशींची जात उपचारांस त्यातल्या त्यात बरा प्रतिसाद देते. लांबट पेशींची जात अधिक उग्र असते. आणि तिसरी जात या दोहोंच्या मिश्रणाची. हे काम अनुभवी विकृतिशास्त्रज्ञाचे आहे. मुंबईकरांच्या सुदैवाने परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाच्या सेवेत आहे. अशा ठिकाणी दुसरे मत घेण्यास संकोच करू नये.

उपचारांविषयी मी आपणास खोटी आशा लावणार नाही, तसेच निराशही करणार नाही. हा रोग समूळ बरा होणे आजही विरळ आहे. निदानानंतर बहुतेक रुग्णांस एक-दीड वर्षाचे आयुष्य लाभते, काहींस पुष्कळ अधिक. २००३ साली पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन या दोन औषधांची जोडी एकट्या सिस्प्लॅटिनपेक्षा सरस असल्याचे सिद्ध झाले. मध्यम आयुर्मान नऊ महिन्यांवरून बारा महिन्यांवर गेले. त्यानंतर शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीस मोकळे करणारी औषधे आली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान अठरा महिने भरले, जुन्या औषधांवरील रुग्णांचे चौदा. लांबट पेशींच्या उग्र जातीत हा लाभ विशेष दिसला. मोठ्या शस्त्रक्रियेविषयी मात्र मत बदलत आहे. ब्रिटनमधील चाचणीचे जे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले, त्यांत आवरण सोलून काढण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढलेले दिसले नाही. उदरावरणाच्या रोगात निवडक रुग्णांवर शस्त्रक्रिया करून त्याच वेळी पोटात उष्ण औषध फिरविण्याच्या पद्धतीने चांगले यश आलेले आहे.

परंतु उपचार म्हणजे केवळ आयुष्याचे महिने मोजणे नव्हे. वारंवार साचणारे पाणी थांबविण्यासाठी दोन पदरांमध्ये शंखजिऱ्याची निर्जंतुक भुकटी घालून ते एकमेकांस चिकटवितात, किंवा एक बारीक नळी कायम ठेवून घरच्या घरी पाणी काढण्याची सोय करतात. वेदनेवर उत्तम औषधे आहेत. रुग्णास बसून जेवता यावे, रात्री झोप लागावी, नातवंडांशी दोन शब्द बोलता यावेत, एवढे साधले तरी ते थोडे नव्हे. 'आता काही करता येत नाही' हे वाक्य रुग्णाच्या बिछान्यापाशी कोणी उच्चारू नये. करण्यासारखे अखेरपर्यंत काही ना काही असतेच.

या रोगाभोवती समाजात काही गैरसमज उत्पन्न होण्याचा संभव आहे. त्यांचे निरसन आजच झालेले बरे. पहिला, हा रोग संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट, पेला, अंथरूण निराळे करण्याचे काहीही कारण नाही. दुसरा, तो तंबाखूमुळे होत नाही. यामुळे विडी ओढणाऱ्या गिरणीकामगारास त्याच्या आजारपणात 'तुझ्याच व्यसनाचे फळ' असे सुनावणे अज्ञानाचे आणि अन्यायाचे आहे. मात्र ॲस्बेस्टसची धूळ आणि धूम्रपान एकत्र आली म्हणजे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. म्हणून अशा माणसाने विडी-सिगारेट सोडलीच पाहिजे. तिसरा गैरसमज विवाहसंबंधाशी निगडित असल्याने आपल्या ज्ञातीत त्याचा उच्चार आवश्यक आहे. वडिलांस हा रोग झाला म्हणून मुलामुलींची सोयरीक मोडणे सर्वथा अनुचित होय. हा रोग सामान्यतः वंशपरंपरेने येत नाही. बी.ए.पी.-१ नामक जनुकातील दोष पिढीजात असलेली काही थोडी कुटुंबे २०११ साली संशोधकांना आढळली; पण ती गोष्ट अत्यंत विरळ. एका घरात दोघांना रोग झाला, तर प्रथम रक्ताकडे न पाहता दोघांनी कोणती धूळ श्वासाबरोबर घेतली हे पाहावे. तुर्कस्तानातील कापादोकिया प्रांतात काही खेड्यांतून याच रोगाने फार माणसे मरत. १९७० नंतरच्या दशकात डॉ. बारिश यांनी शोध केला. गावाच्या दगडांतच एरिओनाइट नावाचे तंतुमय खनिज होते, आणि लोकांची घरे त्या दगडांचीच होती.

आता कायद्याचे थोडे. साठांहून अधिक देशांनी ॲस्बेस्टसवर बंदी घातली आहे. ब्रिटनने निळा व तपकिरी १९८५ साली आणि पांढरा १९९९ साली बंद केला. तरीही तेथे दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे या रोगाने दगावतात. जुने ऋण फिटण्यास किती काळ लागतो, याचे हे उदाहरण होय. कॅनडातील ज्या गावाचे नावच ॲस्बेस्टस होते, त्या गावाने २०२० साली आपले नाव बदलले. आपल्या देशात १९८६ साली नवे खाणपट्टे देणे थांबले, परंतु परदेशांतून धागा आणून पत्रे करण्यावर सरसकट बंदी नाही. २७ जानेवारी १९९५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निर्णय दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे त्यात म्हटले. आणि ॲस्बेस्टस-कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामास लागल्यापासून किमान चाळीस वर्षे, अथवा काम सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवावी, असा आदेश दिला. न्यायालयासही चाळीस वर्षांच्या स्मरणाची गरज पटली, हे लक्षात घ्या.

आपल्या घरांवरील पत्र्यांविषयी बहुतेकांच्या मनात आता प्रश्न आला असेल. उत्तर असे की, धडधाकट, न फुटलेल्या पत्र्यांतील धागा सिमेंटने घट्ट धरलेला असतो. त्याखाली राहणाऱ्याने घाबरून जाऊ नये, आणि घाईने छप्पर उतरवूही नये. धोका आहे तो पत्रा कापण्यात, त्याला भोक पाडण्यात, तो घासण्यात आणि फोडण्यात. घराची शाकारणी करताना पत्रा शक्यतो कापू नये. काढावयाचाच झाला तर प्रथम पाण्याने भिजवावा, बोल्ट सोडवून अखंड उतरवावा, वरून खाली फेकू नये. मुलांना व गर्भवतींना दूर ठेवावे. तोंडाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी आहे. सूक्ष्म धूळ अडविणारा योग्य मुखवटाच हवा. पडलेला चुरा कोरड्या केरसुणीने झाडू नये. ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बांधावा. कामाचे कपडे न झटकता निराळे भिजवून धुवावेत. फुटके तुकडे अंगणात भरावाला टाकण्याची किंवा चुलीजवळ आडोशाला लावण्याची पद्धत तर आजपासून बंद करावी. आणि हे काम ज्या मजुराकडून करवून घ्याल, त्यालाही हे सर्व सांगावे. त्याची छाती आपल्या छातीहून निराळी नाही.

अखेरीस मी संघापुढे दोन नम्र सूचना मांडतो. आपल्या संघाची कुटुंबसूची दर काही वर्षांनी निघते. तीत नाव, गाव, गोत्र, शिक्षण आणि व्यवसाय हे रकाने आहेत. पण 'सेवानिवृत्त' एवढ्या एका शब्दाने माणसाची चाळीस वर्षांची नोकरी झाकून जाते. पुढील सूचीच्या वेळी एक स्वतंत्र, गोपनीय नोंदवही ठेवावी. तीत प्रत्येक वडीलधाऱ्याने कोणत्या कारखान्यात, कोणत्या खात्यात, कोणत्या वर्षांपासून कोणत्या वर्षांपर्यंत आणि कोणत्या प्रकारच्या धुळीत काम केले, सोबत कोण होते, एवढे लिहून घ्यावे. ती छापण्याची गरज नाही. एक प्रत संघाच्या कपाटात आणि एक त्या कुटुंबाच्या कागदपत्रांत राहावी. हजेरीपत्रक, पगाराची चिठ्ठी, कामगार विम्याचे कार्ड असे जे कागद उरले असतील, ते रद्दीत न घालता त्यासोबत ठेवावेत. उद्या एखाद्याच्या छातीत पाणी झाले, तर डॉक्टरांना निदानास आणि वकिलास नुकसानभरपाईच्या दाव्यास त्या एका पानाचा जो उपयोग होईल, तो दुसऱ्या कशाचाही होणार नाही. उगाच सर्वांची क्ष-किरण तपासणी करीत सुटावे, असे मात्र मी सुचविणार नाही. लक्षणे नसताना केलेल्या सार्वत्रिक तपासणीने या रोगाचे मृत्यू कमी होतात असे दिसून आलेले नाही.

दुसरी सूचना आपल्या विद्यार्थी वसतिगृहाविषयी. त्याच्या मागील पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत आणि त्यांची दुरुस्ती या वर्षीच्या अंदाजपत्रकात आहे. ती स्वस्तातील ठेकेदाराकडून सुट्टीच्या चार दिवसांत हातोडीने उरकून घेण्याऐवजी, थोडा खर्च अधिक आला तरी, वर सांगितलेल्या रीतीने, मुले गावी गेलेली असताना, माहीतगार माणसांकडून करवून घ्यावी. आज जी मुले तेथे झोपतात ती पन्नास वर्षांनी या सभेत आजोबा म्हणून बसावयाची आहेत. आपण आज वाचविलेले चार पैसे त्यांनी तेव्हा आपल्या श्वासाने फेडावेत, हे कोणासही रुचणार नाही.

ज्या वडिलांनी आणि काकांनी वाफेच्या नळांखाली उभे राहून आपणास वर आणले, त्यांच्यापैकी पुष्कळ जण आज येथे पुढच्या रांगांत बसलेले आहेत. त्यांना माझी एकच विनंती आहे. घरी गेल्यावर नातवंडास जवळ घेऊन आपल्या नोकरीची हकीकत सांगावी, आणि त्याच्याकडून ती वहीत लिहवून घ्यावी.